लहान मुलाचं गृहशिक्षण: भाषा आणि विज्ञानाचा अभ्यासक्रम कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला घरीच शिकवायचं ठरवलेले किंवा अजून त्या विचारात असलेले पालक आम्हाला जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळा रोख साधारण ५ ते ८ वर्षांच्या मुलांवर आहे. गणित यात घेतलेलं नाही, त्याचे प्रश्न वेगळे असतात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरी शिकवणं कायद्यात बसतं का? उद्या कुणी नोटीस तर पाठवणार नाही ना?

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. मात्र ते न केल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा या कायद्यात सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला परवानगी देणारं कलम त्यात नाही, तसं बंदी घालणारंही नाही. त्यामुळे ‘नोंदणी कुठे करायची?’ याचं उत्तर ‘कुठेही नाही’ असंच आहे, कारण त्यासाठी कार्यालयच नाही.

व्यवहारात एवढंच होऊ शकतं की शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात येतील. त्यांना घरात घ्या, मुलाच्या वह्या दाखवा, मोकळेपणाने बोला. ते त्यांचं काम करत असतात आणि ते काम मोलाचं आहे. घटस्फोट किंवा मुलाच्या ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल तर मात्र आधी वकिलाशी बोला, कारण तिथे ‘मूल शाळेत जात नाही’ हा मुद्दा विरुद्ध बाजूने उचलला जाऊ शकतो.

२. मुलगा आत्ता पाच वर्षांचा झालाय. लगेच अभ्यासक्रम घ्यायलाच हवा का?

नाही. या वयात भरपूर बोलणं, बडबडगीतं, रोज कुणीतरी पुस्तक वाचून दाखवणं आणि हाताला काम एवढं पुरतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्या पानं, बिया, खडे, माती याच सामानावर. ती वाट आजही तितकीच चालण्याजोगी आहे.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही ३ ते ८ हा वयोगट एकच टप्पा मानला आहे. म्हणजे पाचव्या वर्षी वाचू लागलेलं मूल आणि सातव्या वर्षी वाचू लागलेलं मूल, दोघंही एकाच टप्प्यात आहेत. शेजारच्या मुलीला ‘ए टू झेड’ येतं म्हणून घाई करू नका.

३. भाषा आणि विज्ञान असं एकत्र तयार पॅकेज मिळतं. तेच घेतलं तर सोपं नाही का पडणार?

सोपं पडेल, पण आमचा सल्ला तसं न करण्याचा आहे, कारण या दोन विषयांना अगदी वेगळ्या गोष्टी लागतात. वाचन शिकवताना क्रम लागतो. कुठलं अक्षर आधी, मात्रा कधी, जोडाक्षर कधी, हे कुणीतरी नीट विचार करून ठरवलेलं असावं आणि आपण ते मुकाट्याने पाळावं. विज्ञानाला या वयात क्रम लागत नाही, परिसर लागतो. पावसाळ्यात पाऊस, हिवाळ्यात तारे. पॅकेजमध्ये हे बहुधा उलटं झालेलं दिसतं: भाषेत रंगीत पानांची रेलचेल असते पण क्रम ढिला असतो, आणि विज्ञान मात्र ‘आठवडा १४, धडा ३’ असं पक्कं बांधलेलं असतं. या पानावरची बाकीची बरीच उत्तरं याच एका मुद्द्यातून निघालेली आहेत.

४. बालभारती घ्यावं, एनसीईआरटी घ्यावं, की परदेशी अभ्यासक्रम?

बालभारतीपासून सुरुवात करा. ही संस्था १९६७ पासून राज्याची पाठ्यपुस्तकं काढते आहे. पुस्तकं स्वस्त आहेत आणि ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. मराठीची पाठ्यपुस्तकं मराठीचाच विचार करून लिहिलेली असतात, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. राज्यात आतापर्यंत परिसर अभ्यासाचं स्वतंत्र पुस्तक तिसरीपासून येत आलं आहे, आणि तिसरीचं पुस्तक जिल्हानिहाय असतं. रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरीचा नकाशा आणि तिथली पिकं, नाशिकच्या मुलाला नाशिकची. एवढं जवळचं पुस्तक दुसरं कुणी काढत नाही, तेव्हा आपल्या जिल्ह्याचंच मागून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. जुनी प्रत मिळाली तरी ती टाकू नका, घरी शिकवणाऱ्याला आवृत्तीचं बंधन नाही.

एनसीईआरटीतही पहिली-दुसरीला परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक नसतं. तिसरीपासूनची पुस्तकं प्रश्न विचारायला लावणारी असतात, वाचायला घ्याच. पण ती साऱ्या देशासाठी असल्यामुळे उदाहरणं कधी राजस्थानातली, कधी आसामातली येतात. ती खिडकी म्हणून छान, पण अंगण आपलंच हवं.

परदेशी पॅकेजबद्दल सर्वाधिक पत्रं येतात. त्यातली मांडणी देखणी असते आणि पालकासाठी ‘आज हे बोला, हे विचारा’ अशा तयार सूचना असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्या आईबाबांना त्याचा खरोखर आधार वाटतो. अडचण विज्ञानात येते. पानगळ, बर्फ, मेपलचं झाड, इंच आणि फॅरनहाइट. ऑक्टोबरच्या उन्हात बसून ‘झाडांची पानं लाल झालेली दाखवा’ हा पाठ कसा घेणार? इंग्रजी वाचनासाठी असं पॅकेज घ्यायला हरकत नाही (प्रश्न ९ पाहा), विज्ञानासाठी घेऊ नका.

५. घरात मराठी, बाहेर इंग्रजी. वाचायला आधी कुठल्या भाषेत शिकवावं?

मूल ज्या भाषेत भांडतं, त्या भाषेत. बहुतेक वाचकांच्या घरी ती मराठी आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ असल्याने ‘खुणेमागे आवाज असतो’ ही मूळ गोष्ट मुलाला लवकर उमगते. ती एकदा उमगली की इंग्रजी वाचताना पुन्हा शिकवावी लागत नाही. कायद्याच्या बाजूनेही मराठी सोडून चालणार नाही: २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत, मंडळ कुठलंही असो, मराठी सक्तीची आहे. पुढे शाळेत घालायची वेळ आली तर ते उपयोगी पडेल (प्रश्न २० पाहा).

६. मराठी वाचनाचं पुस्तक किंवा अ‍ॅप चांगलं आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

पाच मिनिटांत ओळखता येतं. आधी ‘ळ’ शोधा. बाजारातली पुष्कळ अ‍ॅप आणि तक्ते मुळात हिंदीसाठी बनवून वरवर मराठी केलेले असतात. त्यात ‘ळ’ शेवटी कुठेतरी चिकटवलेला असतो किंवा नसतोच. मग ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं बघा, हिंदी छपाईत ती वेगळी असतात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत का बघा. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला ठरवली तेव्हा हे दोन्ही स्वरांत धरले आहेत, आणि ‘बॅट’, ‘बॉल’ तर मूल दिवसभर म्हणत असतं. शब्दांच्या शेवटी नजर टाका: ‘कवि’, ‘गुरु’ असं छापलं असेल तर पुस्तक हिंदीवरून आलंय, मराठीत ‘कवी’, ‘गुरू’.

अ‍ॅपमध्ये आवाज असेल तर ‘चार’ आणि ‘चाक’ ऐकून बघा. दोन्हीत च लिहितो एकच, पण म्हणतो निराळा. तसंच ‘झेंडा’ आणि ‘झाड’, ‘जेवण’ आणि ‘जाळं’. आवाज देणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर मूल ते चुकीचं उचलेल आणि घरच्या बोलण्याशी जुळेना म्हणून गोंधळेल.

यानंतर मुख्य परीक्षा. पुस्तकाचं दहावं-बारावं पान उघडा. तोवर शिकवलेल्या अक्षरांतूनच बनलेली, अर्थ असलेली वाक्यं तिथे आहेत का? ‘कमल बघ, नळ बघ’ यापेक्षा पुढे काही आहे का? गमभन-पासून सुरू करणारी पुस्तकं वळणाच्या सोपेपणावर अक्षरं निवडतात. हात वळवायला ते ठीक आहे. वाचनासाठी मात्र ज्या अक्षरांतून लवकर पुष्कळ शब्द बनतात ती आधी घ्यावीत आणि आ-काराची, ई-काराची मात्रा पहिल्या काही आठवड्यांतच यावी. म, क, ल, आ एवढ्यावर ‘काका, मामा, मला, काम, माल, कमाल’ होतात. मुलाला चार अक्षरांत सहा शब्द हाती लागले की त्याचा चेहरा बघा. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आणि वाडा तालुक्यात सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ संस्थेने मराठी वाचन शिकवण्यावर कित्येक वर्षं काम केलं आहे. त्यांचं साहित्य मिळालं तर जरूर बघा.

७. मुलीला सगळी मुळाक्षरं येतात, पण शब्द वाचता येत नाही. ‘क’ ‘म’ ‘ळ’ असं म्हणते आणि गप्प बसते. काय चुकतंय?

तिचं काही चुकत नाही. तक्त्यावर ‘क कमळाचा’ पाठ झालं म्हणजे चित्र ओळखता येतं, आवाज जोडणं ही वेगळी कृती आहे. काही आठवडे तक्ता मिटवून ठेवा आणि तोंडी खेळ खेळा: ‘मी म्हणते मा…सा, तू सांग काय?’ ‘पाटी’तला ‘पा’ काढला तर काय उरलं? हे रिक्षात, स्वयंपाक करताना, कुठेही होतं. मग दोन अक्षरी शब्दांवर या.

एक खास मराठी (आणि देवनागरी) अडथळा लक्षात ठेवा. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, म्हणताना नंतर. ‘किती’ वाचताना मूल अडखळतं ते यामुळे. म्हणून दीर्घ वेलांटी आधी शिकवा, ऱ्हस्व नंतर. तसंच ‘र’ची रूपं: ‘क्रम’, ‘अर्क’, ‘राष्ट्र’, ‘दऱ्या’. ही चारही एका आठवड्यात उरकणारं पुस्तक असेल तर तिथे तुम्ही थांबा आणि महिनाभर घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सातव्या-आठव्या वर्षापर्यंत लाल शाईने दाखवू नका. वाचन वाढलं की पुष्कळशा आपोआप सुधारतात.

८. लिहायला कधी लावावं? रोज एक पान शुद्धलेखन?

बोटांत बळ आल्यावर. आधी कणीक मळणं, पिना लावणं, कात्री, रांगोळीचे ठिपके. पाटी आणि वाळू हे वहीपेक्षा चांगले, कारण पुसता येतं. एक पान रोज नको. तीन ओळी नीट, आणि त्यातली एक मुलाच्या मनातली. मुलाने सांगायचं, तुम्ही लिहायचं, मग त्यानेच ते वाचायचं, हा प्रकार अक्षर यायच्या आधीपासून करता येतो.

९. इंग्रजी वाचन केव्हा सुरू करावं? फोनिक्स लागतंच का?

मराठीत सोपी गोष्ट स्वतःहून वाचू लागल्यावर, बहुधा सहा-सात वर्षांच्या दरम्यान. बोलणं-ऐकणं मात्र आधीपासून असू द्या. फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवणं. ते उपयोगी आहे, कारण इंग्रजीत २६ अक्षरं आणि साधारण ४४ ध्वनी असा मामला आहे, आणि ‘सी फॉर कॅट’ पाठ करून तो सुटत नाही. जॉली फोनिक्स ही त्यातली एक पद्धत ४२ ध्वनी घेते आणि एस, ए, टी, आय, पी, एन यांपासून सुरुवात करते. प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं ‘थोड्या अक्षरांत पुष्कळ शब्द’ हेच तत्त्व इथेही आहे. उच्चार ब्रिटिश असो वा अमेरिकन, त्याची चिंता करू नका, पण दोन वेगळ्या पद्धती एकाच वेळी चालवू नका.

१०. आमच्या घरी मालवणी (किंवा अहिराणी, वऱ्हाडी) बोलतात. पुस्तकातली मराठी मुलाला परकी वाटते. आम्ही घरचं बोलणं बदलावं का?

अजिबात नाही. घरची बोली हा मुलाचा शब्दसाठा आहे, तो तोडला तर वाचायला शब्दच उरणार नाहीत. पहिल्या काही गोष्टी बोलीतच लिहून काढा, मुलाने सांगितल्या तशाच. देवनागरीत त्या सहज लिहिता येतात. पुस्तकातली मराठी ऐकवायची ती वाचून दाखवण्यातून. मुलाने ‘इलो’ म्हटलं तर ‘आला म्हण’ असं टोकू नका. ‘पुस्तकात बघ कसं लिहिलंय’ एवढंच दाखवा. सहा वर्षांचं मूल दोन्ही सहज सांभाळतं.

११. विज्ञानाचं कुठलं पुस्तक घ्यावं?

आठ वर्षांखालच्या मुलाला विज्ञानाचं पाठ्यपुस्तक लागत नाही. पुस्तक हवं ते पालकाला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘स्मॉल सायन्स’ ही तिसरीपासूनची मालिका आमच्या पाहण्यात सर्वांत उत्तम आहे. ती मुलाला आधी बघायला आणि करायला लावते, व्याख्या मागाहून येतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांच्या कृती आणि कितीतरी मराठी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. भोपाळच्या ‘एकलव्य’ची पुस्तकं हिंदीत आहेत, पण हिंदी वाचता येत असेल तर पालकांनी जरूर वाचावीत. होशंगाबादमध्ये १९७२ पासून गावच्या शाळांतून विज्ञान कसं शिकवलं गेलं, त्याचा अनुभव त्यांमागे आहे.

मुलाला वाचायला ‘किशोर’ द्या. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते आणि जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात. ‘स्टोरीवीव्हर’ या गोष्टींच्या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत. काही भाषांतरं ओबडधोबड असतात, म्हणून आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली तर ती गोष्ट सोडा.

१२. पुस्तक नाही तर मग वर्षभराचं विज्ञान आखायचं कसं?

कॅलेंडरवर. हे एका मराठी घराचं वर्ष समजा.

मे महिन्यात शून्य सावली. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर, नागपुरात महिन्याच्या अखेरीस. भर दुपारी गच्चीत उभी बाटली ठेवा, तिची सावली नाहीशी होते. जुलैत दुसरी वेळ येते, पण तेव्हा ढग असतात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हे कधीच दिसत नाही, म्हणून तिथल्या पॅकेजमध्येही ते नसतं.

जूनमध्ये मृग लागला की पहिल्या पावसानंतर मऊ मखमली लाल मृगाचा किडा मातीत शोधायचा, आणि पाऊस मोजायचा. सरळ बाजूंचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर ठेवायचं आणि सकाळी पट्टीने पाणी मोजायचं. बातम्यांत ‘४० मिलिमीटर’ म्हणतात ते हेच. आठ वर्षांच्या मुलाला पुढचंही सांगा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग गच्चीवर किती पाणी पडलं ते तोच काढत बसेल.

जुलै-ऑगस्टमध्ये कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड. कुंडीतलंही चालेल. कोवळ्या पानाखाली मोहरीहून लहान, पिवळसर अंडं दिसतं. त्यातून निघणारी अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि पांढरी. पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की ती हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. काडीने हलकंसं डिवचलं तर डोक्यामागून तांबडी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सारं साधारण तीन-चार आठवड्यांत डोळ्यांसमोर होतं. आमच्या मुलीने रोज त्या अळीचं चित्र काढून खाली एक ओळ लिहिली होती: ‘आज कात टाकली.’ ‘आज काहीच खाल्लं नाही.’ ‘आज गुंडाळून बसली.’ त्या महिन्यात तिला वेगळं मराठी लेखन दिलं नाही, द्यायची गरजच नव्हती. काही अळ्या वाचत नाहीत हेही मुलाला आधी सांगून ठेवा.

दिवाळीनंतर आकाश स्वच्छ होतं, तेव्हा चंद्र. अमावास्येनंतर संध्याकाळी पश्चिमेला कोर शोधायची, रोज त्याच वेळी त्याच जागेवरून बघायचं आणि वहीत गोल काढून भरायचा. थंडीत मृग नक्षत्र आणि कृत्तिका. उन्हाळ्यात पाणी, बाष्प, माठ गार का होतो, आंबा पिकतो म्हणजे काय होतं.

१३. प्रयोगाचं किट विकत घ्यावं का?

नको. एक चांगलं भिंग, एक मोजपट्टी, एक थर्मामीटर पुरे. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो आणि पाण्याने खळबळल्यावर पुन्हा पिवळा होतो, हे प्रत्येक घरात घडतं. त्याच हळदीचा कागद बनवून लिंबू, साबणाचं पाणी, ताक, खायचा सोडा यांत बुडवून बघा. हळदीत चुना घालून कुंकू बनतं ते याच कारणाने. चुना मात्र मुलाच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

१४. माझं स्वतःचं विज्ञान दहावीला सुटलं. मी कशी शिकवणार?

या वयाला पुरेल इतकं तुम्हाला येतं, आणि जे येत नाही ते मुलासोबत शोधता येतं. ‘मला माहीत नाही, कसं शोधू या?’ हे वाक्य मुलाने घरात ऐकणं फार महत्त्वाचं आहे. प्रश्नांची एक वही ठेवा. उत्तर त्याच दिवशी मिळायलाच हवं असं नाही. एकच पथ्य पाळा: अंदाज खरा म्हणून सांगू नका.

१५. आजी सांगते ग्रहणात काही खायचं नाही, बाहेर यायचं नाही. आम्ही विज्ञान शिकवतो. मुलासमोर दोन गोष्टी होतात. काय करावं?

आजीला खोटं पाडू नका आणि मुलाला अंधारातही ठेवू नका. ‘आजीच्या लहानपणी असं मानत. आपण बघू या काय होतं’ एवढं म्हणा आणि बघा. झाकलेली पोळी ग्रहणानंतर बदलते का, हे मूल स्वतः तपासू शकतं. एका बाबतीत आजीचा इशारा योग्य आहे: सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून मुळीच पाहू नये. खास सौर चष्मा किंवा पुठ्ठ्याला सूक्ष्म छिद्र पाडून कागदावर पडलेली प्रतिमा पाहावी. २ ऑगस्ट २०२७ ला खंडग्रास ग्रहण महाराष्ट्रातून दुपारनंतर दिसणार आहे, ढगांनी मेहेरबानी केली तर. आजीला त्या छिद्राच्या खेळात सामील करून घ्या. आमचा अनुभव आहे की कागदावर चंद्राने चावलेला सूर्य पाहायला आज्या सर्वांत आधी पुढे येतात.

१६. पाच आणि आठ वर्षांची दोन मुलं आहेत. दोघांना दोन अभ्यासक्रम?

भाषेत हो, विज्ञानात नाही. वाचनाचा क्रम प्रत्येकाचा स्वतःचा (प्रश्न ३ पाहा). अळी, पाऊस, चंद्र दोघांना एकच. धाकट्याने चित्र काढायचं, थोरल्याने मोजायचं आणि लिहायचं. थोरल्याला धाकट्यासाठी वाचून दाखवायला सांगा, दोघांचा सराव होतो.

१७. महागडं पॅकेज घेतलं आणि तीन महिन्यांत मूल कंटाळलं. बदलावं की रेटावं?

आधी दोन आठवडे सुट्टी घ्या. मग बघा कंटाळा कशाचा आहे. वाचन अवघड जात असेल तर मागच्या पायरीवर जा, पुस्तक बदलू नका, कारण भाषेतला क्रम मध्येच बदलला की मूल पुन्हा गोंधळतं. विज्ञानाचा कंटाळा असेल तर पुस्तक आजच मिटा. पैसे गेले म्हणून मुलाकडून वसूल करू नका. पुढच्या वेळी नमुना धडा छापून एक आठवडा करून बघा आणि मगच विकत घ्या.

१८. परीक्षा नाही, मग प्रगती कशी कळणार?

दर दोन महिन्यांनी आधी न वाचलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. सहा महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग ऐकलं की वेगळी परीक्षा लागत नाही. वाचून झाल्यावर ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. घडाघडा वाचून अर्थ न सांगू शकणारी मुलं पुष्कळ असतात, तिथे वेग कमी करून गप्पा वाढवायच्या. विज्ञानात उत्तरं मोजू नका. या महिन्यात वहीत मुलाचे स्वतःचे किती प्रश्न आले, ते बघा.

१९. मुलगा आठचा होत आला तरी दोन अक्षरी शब्द अडतात. डिस्लेक्सिया असेल का?

असू शकतो, नसूही शकतो. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग प्रश्न ७ मधल्या पद्धतीने रोज थोडं, तीन-चार महिने नियमाने करा. तरीही फरक नसेल, घरात आणखी कुणाला असा त्रास झालेला असेल, किंवा बोलायलाच उशीर झाला असेल, तर वाट पाहू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिचाच एक प्रकार) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि तिची तपासणी सरकारी-महापालिका रुग्णालयांतही होते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी खास विभाग आहे. तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी असा आग्रह धरा. गृहशिक्षणाचा धोका इथेच आहे: शाळेत शिक्षिकेच्या लक्षात आलं असतं ते घरात ‘हळूहळू येईल’ म्हणत राहून जातं.

२०. दोन-तीन वर्षांनी शाळेत घालावंसं वाटलं तर? घरचा अभ्यासक्रम वेगळा म्हणून अडवतील का?

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढण्यासाठी खास प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत हे तुलनेने सुरळीत होतं. खासगी शाळा स्वतःची चाचणी घेऊ पाहतात, तिथे जागा शिल्लक असण्यावरही बरंच अवलंबून असतं. जन्मदाखला, आधार, वह्यांचे नमुने जपून ठेवा. तिसरीच्या वयाला मूल मराठी सहज वाचत असेल, थोडं इंग्रजी वाचत असेल आणि बालभारतीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक एकदा चाळलेलं असेल, तर वर्गात मिसळायला अडचण येत नाही.

शाळेत न घालता पुढे जायचं असेल तर एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं) मुक्त मूलभूत शिक्षण अ, ब, क अशा तीन स्तरांवर आहे: तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्याही पाचवी-आठवीच्या परीक्षा आहेत. एनआयओएसच्या दहावीसाठी किमान वय १४ आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या पालकांनी आज यासाठी काहीही करायची गरज नाही.

२१. आम्ही परदेशात आहोत. तिथला विज्ञान अभ्यासक्रम घ्यावा की इकडचा? आणि मराठीचं काय?

आधी तिथला कायदा बघा. अमेरिकेत गृहशिक्षण सर्व राज्यांत चालतं, पण नोंदणी आणि चाचण्यांचे नियम राज्यागणिक बदलतात. जर्मनीत शाळेत जाणं बंधनकारक आहे. विज्ञान तिथलंच घ्या, प्रश्न १२ चं तत्त्व उलट बाजूने लावा: न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाने मेपलची पानगळ आणि रॉबिन पक्षीच बघायला हवा. मृगाचा किडा सुट्टीत आजोळी आल्यावर, तोही जूनमध्ये आलात तर.

मराठीसाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत अनेक शहरांत आहेत, तिथे मुलाला बरोबरीची मराठी बोलणारी मुलं भेटतात. ते कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाचं आहे. घरी रोज वीस मिनिटं वाचून दाखवा आणि आजीआजोबांशी व्हिडिओ कॉलवर मुलाने वहीतलं निरीक्षण मराठीत सांगावं असं ठरवून टाका. ‘स्नो’ला मराठीत काय म्हणायचं यावर अडून न बसता त्याला पुढचं सांगू द्या.